रिकाम्या डब्यांचा हिशेब

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या घरी एक सोहळा दरवर्षी न चुकता होतो. माळ्यावरचे डबे खाली उतरवण्याचा. नारायण पेठेतला आमचा जुना वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. वाडा गेला, विहीर गेली, अंगणातले प्राजक्ताचे झाड गेले. पण वाड्यातले डबे मात्र निष्ठावंत नोकरांसारखे आमच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर येऊन राहिले. पितळी, पत्र्याचे, स्टीलचे, झाकण बसणारे आणि न बसणारे. जागा थोडी म्हणून मोठ्या डब्यात मधला, मधल्यात लहान, लहानात त्याहून लहान अशी त्यांची मांडणी.

यंदाही मी स्टुलावर चढलो होतो आणि सौ. खाली उभी राहून हुकूम सोडत होती.

"अहो, रिकामे असतील तेवढेच द्या."

मी एक मोठा डबा हलवून पाहिला. आत खडखडले. "हा रिकामा नाही," मी म्हणालो.

"काय आहे आत?"

"डबा आहे."

"आणि त्या डब्यात?"

"आणखी एक डबा."

"आणि त्यात?"

त्यात काहीच नव्हते. लवंगेचा थोडा वास होता, एवढेच. "म्हणजे रिकामाच की!" सौ. म्हणाली. "रिकामा कसा? आत दोन डबे आहेत," मी म्हणालो. वाचकांपैकी ज्यांच्या संसाराला पन्नासाच्या आसपास वर्षे झाली असतील, त्यांना हा वाद किती वेळ चालला असेल ते सांगायला नकोच.

तेवढ्यात आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. आमची नात हिंजवडीला एका संगणक कंपनीत कामाला आहे आणि आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करते. ती बाहेर आली आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं आणि आजीचं ज्यावरून भांडण चाललंय ना, त्यावरच मी परवापासून अडले आहे. डब्यात डबा, त्यात डबा आणि शेवटचा रिकामा. तर मग बाहेरचा भरलेला की रिकामा?"

आता हिच्या अडचणीचे मूळ सांगायला हवे. आमच्या घराण्याचे कुलवृत्तांताचे एक जुने बाड आहे. महाराष्ट्रात गेल्या शंभर वर्षांत कितीतरी घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. आमचे छापले गेले नाही; आजोबांच्या हातच्या वहीतच राहिले. यंदा भाऊबीजेला सगळे चुलत-आते-मावस भाऊबंद आमच्याकडे जमायचे ठरले, तेव्हा नात म्हणाली, मी ती वही संगणकावर चढवते आणि प्रत्येकाच्या हाती छापील वंशावळ देते. मला आनंद झाला. वही वाचून दाखवायचे काम माझे, टंकायचे तिचे.

तिची रचना अशी. प्रत्येक माणसाचा एक डबा. त्यात नाव, जन्मसाल, मृत्यूचे साल, गाव आणि शेवटी 'अपत्ये' नावाचा डबा. त्या डब्यात प्रत्येक मुलाचा पुन्हा तसाच डबा आणि त्याच्या पोटी पुन्हा अपत्यांचा. ओळीने मांडलेल्या अशा डब्यांना संगणकाच्या भाषेत 'ॲरे' म्हणतात आणि ॲरेच्या पोटात ॲरे ठेवायला काही मर्यादा नसते. मला तर आमचा माळाच आठवला.

अडचण अशी, की जुन्या वहीत अर्ध्याहून अधिक रकाने कोरे. कोणाचे जन्मसाल नाही, कोणाचे गाव नाही. छापून पाहिले तर पानभर नुसत्या 'जन्म :', 'गाव :', 'अपत्ये :' अशा माना वर करून उभ्या राहिलेल्या पाट्या, पुढे काही नाही. तेव्हा नातीने ठरवले, की एक चाळण करायची आणि त्यातून रिकामे ते सगळे गाळून टाकायचे.

"त्यात काय एवढं?" मी म्हणालो. "रिकामं दिसलं की काढायचं."

"मलाही तसंच वाटलं होतं," ती म्हणाली.

ती वापरते त्या भाषेचे नाव पीएचपी. १९९५ साली ती लोकांपुढे आली आणि आजही जगातली पुष्कळ संकेतस्थळे तिच्यावर चालतात. तिच्यात 'ॲरे-फिल्टर' नावाची एक तयार चाळण मिळते. नातीने ती लावली. चाळणीने फक्त सगळ्यात वरचा थर पाहिला आणि काम झाले म्हणून सांगितले. मूळपुरुषाच्या डब्यातले कोरे रकाने गेले, पणतू-खापरपणतूंचे तसेच राहिले. आमच्या घरी पाहुणे यायचे असले की मी झाडतो तसे. दिवाणखाना लखलखीत, आतल्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही.

मग तिने दुसरी युक्ती केली. चाळणीला सांगितले, की डब्यात डबा दिसला तर थांब आणि आतल्या डब्यावर पुन्हा हेच काम कर. त्यातही डबा दिसला तर पुन्हा तेच. म्हणजे चाळण स्वतःलाच हाक मारीत खोल खोल उतरते आणि तळ लागला की एकेक पायरी वर येते. याला ते लोक 'रिकर्शन' म्हणतात. ही चाळण थेट शेवटच्या पिढीपर्यंत पोचली. तरीसुद्धा छापील कागदावर 'अपत्ये :' म्हणून मोकळ्या पाट्या उरल्याच.

का? तर आमच्या डब्यासारखेच झाले होते. चाळण आधी बाहेरचा डबा पाही. आत डबा आहे, तेव्हा हा रिकामा नाही, असा निकाल देई आणि मग आत उतरून आतला डबा काढून टाकी. आतला गेल्यावर बाहेरचा रिकामा झाला, हे पाहायला ती परत येतच नसे.

"म्हणजे तुझ्या चाळणीनं माझी बाजू घेतली," मी म्हणालो.

"हो, आणि चुकली," नात म्हणाली. "आजीचं बरोबर आहे. आधी सगळ्यात आतला डबा उघडायचा. तो रिकामा असला तर काढायचा, मग त्याच्या बाहेरच्याकडे बघायचं. आतून बाहेर यायचं, बाहेरून आत नाही."

सौ.चा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा झाला होता. त्या दिवशी चहा मला मागून घ्यावा लागला.

मध्येच आणखी एक गंमत झाली. पीएचपीची ही चाळण डबे काढते, पण उरलेल्यांचे क्रमांक बदलीत नाही. पहिला, तिसरा आणि सहावा उरला, तर ते आपले जुनेच क्रमांक धरून बसतात आणि एक-दोन-तीन अशी सलग मोजणी अपेक्षिणारा पुढचा कार्यक्रम गोंधळतो. मला यात नवल वाटले नाही. आमच्या पेठेत हीच रीत आहे. केसरीवाड्याचा क्रमांक ५६८. शेजारचे दहा वाडे पडले आणि तिथे इमारती आल्या, तरी ५६८ चा काही ५५८ होत नाही. नवे क्रमांक हवे असतील, तर ते निराळे सांगून घालून घ्यावे लागतात.

या सगळ्या खटपटीत एक प्रश्न मात्र कोणी विचारलाच नव्हता. रिकामे म्हणजे काय?

आता तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? पण ऐका. पीएचपीच्या चाळणीला वेगळे काही सांगितले नाही, तर ती कोरी अक्षरे काढते, रिकामा ॲरे काढते, आणि शून्य हा आकडाही काढते! इतकेच नव्हे, तर अक्षरात लिहिलेले शून्यही काढते. जावास्क्रिप्ट नावाच्या दुसऱ्या भाषेत आकड्यातले शून्य रिकामे धरले जाते, पण अक्षरातले शून्य भरलेले, आणि नवल म्हणजे रिकामा ॲरेसुद्धा भरलेलाच! पायथन नावाची तिसरी भाषा, तिच्यात रिकामा ॲरे रिकामा आणि अक्षरातले शून्य भरलेले. सदाशिव, नारायण आणि शनिवार या तीन पेठांत गौरींच्या तीन रीती असाव्यात, तसेच हे.

शून्य आणि रिकामे यांत काय फरक, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी आमच्या इमारतीच्या देणेकऱ्यांची यादी आठवावी. माझी बाकी शून्य. पण यादी करणाऱ्याच्या संगणकाने शून्य गाळले आणि माझ्या नावापुढे कोरी जागा छापली गेली. कोरी जागा पाहून चिटणीस जिना चढून वर आले आणि म्हणाले, "काका, तुमचा हिशेब अजून आलेला दिसत नाही." दरमहा एक तारखेला पैसे भरणाऱ्या माणसाला काय वाटले असेल याची कल्पना करा. बाकी शून्य ही माहिती आहे, आणि मोठी मानाची माहिती आहे. कोरी जागा म्हणजे माहितीच नाही.

हा फरक आपल्या देशाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला, त्यात शून्याची बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम दिले. म्हणजे शून्याला त्याने इतर संख्यांच्या पंगतीत पाट मांडून बसवले. उलट 'इथे काही नाही' असे सांगणारी 'नल' नावाची खूण टोनी होर या इंग्रज संगणकतज्ज्ञांनी १९६५ साली अल्गॉल-डब्ल्यू या भाषेत घातली. करायला सोपी होती म्हणून घातली. २००९ साली त्यांनी स्वतःच सांगितले, की ती माझी शंभर कोटी डॉलरची चूक होती. तिच्यापायी जगभर किती कार्यक्रम बिघडले याला गणती नाही.

नातीने आपल्या चाळणीला शून्य न गाळण्याची ताकीद दिली आणि आम्ही निर्धास्त झालो. कागद छापून आला. काय सुरेख आला म्हणता! एक मोकळी पाटी नाही, एक रेघ वाया नाही. मी चष्मा लावून वाचायला बसलो आणि सवयीप्रमाणे माणसे मोजली. वहीत एकशे त्रेचाळीस होती. कागदावर एकशे एकतीस भरली.

पुन्हा मोजली. एकशे एकतीसच.

वही आणि कागद शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. गेलेल्या बारांपैकी तीन बारशाच्या आधीच गेलेली मुले होती. उरलेल्या नऊ मुली. आजोबांनी वहीत मुलग्यांची नावे लिहिली आणि मुलींच्या जागी बहुतेक ठिकाणी नुसते 'कन्या १' किंवा 'कन्या २' एवढेच लिहिले. त्या काळची ती रीतच होती. मुलगी सासरच्या वंशावळीत जायची. मुलगा की मुलगी हा रकाना नातीने ठेवलाच नव्हता, नावावरून कळेलच म्हणून. तेव्हा प्रत्येक कन्येचा डबा तिने मांडला खरा. पण त्यात नाव नाही, साल नाही, गाव नाही आणि अपत्यांचा डबा रिकामा. चाळण आतून बाहेर आली. अपत्ये रिकामी, काढली. साल कोरे, काढले. नाव कोरे, काढले. मग पाहते तो अख्खा डबाच रिकामा. काढला. एका चुलत पणजोबांना तीन मुलीच होत्या. तिघी गेल्या, तेव्हा त्यांचा अपत्यांचा डबाही गेला आणि पणजोबा कागदावर निपुत्रिक झाले. चाळणीने एकही चूक केली नव्हती. जे सांगितले तेच केले होते.

त्या नवांत एक माई होती.

माई म्हणजे माझ्या वडिलांची आत्या, आजोबांची सख्खी थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आली आणि मरेपर्यंत आमच्याच वाड्यात राहिली. मला ती आठवते ती लाल आलवणात, मागच्या पडवीत जात्याशी बसलेली. माझी आजी बाळंतपणात गेली तेव्हा माझे वडील चार वर्षांचे होते. त्यांना आणि त्यांच्या दोन्ही भावंडांना माईने वाढवले. अनारशाचे पीठ माईच्या हातचे, चकलीचे भाजणीचे प्रमाण माईचे. आमच्याकडे आजही फराळ होतो तो तिच्याच मापाने. आणि वहीत तिच्यासाठी काय, तर 'कन्या १'.

"आजोबा, त्यांचं नाव सांगा, मी घालते," नात म्हणाली.

मी तोंड उघडले आणि तसाच राहिलो. माईचे नाव मला ठाऊक नव्हते. सगळे जग तिला माई म्हणे. सौ.ला विचारले, नाही. नव्वदी ओलांडलेल्या चुलतवहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "सासूबाईसुद्धा माईच म्हणायच्या हो." त्यातून माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे. दोन्ही नावे तिच्याबरोबर गेली.

मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते याच पेठेत एका छापखान्यात जुळारी होते. खिळ्यांच्या पेटीत प्रत्येक अक्षराला एक घर असे. छापून झाले की खिळे ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचे. सुटीत मी मदतीला गेलो, की मला काही तुकडे असे सापडत, की ज्यांच्यावर अक्षरच नसे. निरुपयोगी म्हणून एकदा मी मूठभर तुकडे केरात टाकले. वडिलांनी मला काही बोलले नाही. खाली बसून एकेक तुकडा वेचला, धोतराला पुसला आणि म्हणाले, "हे शब्दांच्या मधे घालायचे असतात. हे काढलेस, तर 'दिवा लावला' याचं 'दिवालावला' होईल. याच्यावर काही नाही, पण याची जागा आहे."

आमच्या वहीचा दोष आमच्या घराण्यापुरता नाही. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण म्हणून गाव आहे. तिथल्या देवळातला इ. स. १२०७ चा एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शोधून १८६५ साली प्रसिद्ध केला. 'लीलावती'कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाविषयी तो आहे. त्यात त्या घराण्याच्या नऊ पिढ्या दगडावर कोरल्या आहेत : त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत. सगळी नावे पुरुषांची. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी होती अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. खरी असो वा नसो, दगडावर तिला जागा नाही. शून्याचे गणित मांडणाऱ्याच्या घरी जे झाले, ते आमच्या घरी झाले तर काय नवल?

नातीने रात्री बसून चाळण पुन्हा केली. आता तिच्यात दोन नियम आहेत. पहिला : कोरा रकाना काढला तरी चालेल, पण माणसाचा डबा काढायचा नाही, मग आत काही असो वा नसो. दुसरा : जे ठाऊक नाही ते कोरे न ठेवता 'ठाऊक नाही' असे लिहायचे. म्हणजे ज्याला मूल नव्हते त्याच्यापुढे शून्य, जे कळले नाही त्याच्यापुढे 'ठाऊक नाही', आणि जे कधी विचारायचेच नव्हते ते तेवढे कोरे. तीन निराळ्या गोष्टींना तीन निराळ्या जागा.

"माईंच्या अपत्यांचं काय लिहू?" तिने विचारले. "शून्य?"

मी बराच वेळ बोललो नाही. तिघांना वाढवणाऱ्या बाईपुढे शून्य लिहायचे जिवावर आले होते. पण खोटे तरी कसे लिहायचे?

"शून्यच लिही," मी म्हणालो, "आणि खाली एक टीप घाल, की तुझ्या पणजोबांना आणि त्यांच्या भावंडांना हिने वाढवलं."

भाऊबीजेला आमच्याकडे जमणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आता जो कागद पडेल, त्यात एकशे त्रेचाळीस माणसे असतील. त्यातल्या बाराजणांपुढे 'नाव ठाऊक नाही' असे छापले आहे. दिसायला कागद पहिल्यासारखा सुबक राहिलेला नाही. पण कोणी सांगावे, ती ओळ वाचून एखाद्या म्हाताऱ्या आतेबहिणीला काही आठवेल आणि ती म्हणेल, अरे, माईचं नाव ना, ते अमुक होतं. कोरी जागा पाहून कोणाला काही आठवत नाही. वाचकहो, तुमच्याकडेही यंदा वडीलधारी मंडळी जमतीलच. फराळ झाल्यावर त्यांच्यापाशी बसा आणि तुमच्या घरच्या माईचे नाव विचारून घ्या. मला उशीर झाला.

हे लिहीत असताना समोरच्या बिऱ्हाडातून फराळाचा डबा आला. सौ.ने तो रिकामा केला, धुतला, पुसला आणि परत पाठवण्याआधी त्यात मूठभर साखर घातली.

"आजी, रिकामाच दिला तर काय होईल?" नातीने विचारले.

"रिकामा डबा परत देऊ नये," सौ. म्हणाली. "माईंनी सांगितलंय, असं तुझे पणजोबा म्हणायचे."